पांबनची उघडझाप

मंडपम मागे पडतं, रस्ता समुद्रावर चढतो आणि रामेश्वरच्या बेटाकडे निघालेली बहुतेक वाहनं पुलाच्या मध्यावर येऊन रेंगाळतात. माणसं उतरतात, कठड्याला रेलून वाऱ्यात उभी राहतात. एका अंगाला, बरंच खाली, रेल्वेचा जुना पूल पाण्याच्या जवळून गेलेला. त्याला कठडे नाहीत, आडोसा नाही. खांबामागून खांब, त्यांवर रूळ आणि दोन्ही बाजूंना नुसता समुद्र. तो पूल वापरात होता त्या दिवसांत इथे थांबणारे सगळे वाट बघायचे ती गाडीची. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा गाडी नव्हतीच. पूल उघडत होता.

पुलाच्या मधल्या गाळ्याजवळ, दोन्ही टोकांना, काही माणसं लोखंडी दांडे धरून गोल फिरत होती. तेलाच्या घाण्याभोवती फिरावं तशी, एकाच संथ चालीने. त्यांच्यातल्या एकाने डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. दांड्याला तळहात न लावता त्याने मनगटाच्या वरचा भाग लावला होता, आणि सगळा भार खांद्यातून खाली पायांत उतरत होता. दर फेरीला त्याचं तोंड एकदा आमच्याकडे व्हायचं, पण त्याची नजर वर यायची नाही. ती पुढच्याच्या टाचांवर असायची. बराच वेळ काही घडतंय असं वाटेना. मग रुळांच्या मधोमध एक फट दिसली. फटीतून पाणी दिसलं, हळूहळू ती रुंदावली आणि पुलाच्या दोन्ही झडपा रुळांसकट आभाळाकडे उठल्या. अलीकडे ताटकळलेल्या मच्छीमार बोटी एकामागून एक निघाल्या. एका बोटीवरच्या पोराने पुलावरच्या माणसांना हात केला. टॉवेलवाल्याने दांडा सोडला, बूड टेकलं आणि बाटली तोंडाला लावली.

पुढे घरी आल्यावरही मला आठवत राहिलं ते पुलाचं उघडणं कमी आणि ते चालणं जास्त. रुळांसकट पूल उभा करणं ही केवढी गोष्ट! एकेक झडप चारशे टनांहून जड. आणि ती उचलायला वाफ नाही, वीज नाही. पगारावर काम करणारी, घामाने भिजलेली चार माणसं या टोकाला, चार त्या टोकाला.

हे जमतं कसं, त्याची गोष्ट दूर शिकागोत सुरू होते. शिकागोच्या नदीत बोटींची दाटी आणि काठावर रस्त्यांची. बोटींना वाट द्यायची, पण रस्ता फार वेळ अडवायचा नाही आणि अरुंद नदीत मधोमध खांबही उभा करायचा नाही, असा पेच होता. विल्यम शेर्झर नावाच्या अभियंत्याने तो सोडवला. पुलाच्या झडपेचं मागचं टोक त्याने चाकाच्या तुकड्यासारखं गोल ठेवलं आणि त्या बाजूला तोलाचं वजन दिलं. झडप उचलायची म्हणजे तिला मागे घरंगळू द्यायचं. तोल इतका नेमका साधलेला की उरलेलं काम थोड्या जोराने होतं. शेर्झर १८९३ साली पस्तिशीत गेला. त्याच्या पद्धतीचा पहिला पूल शिकागोत उभा राहिला १८९५ साली. तो त्याने पाहिलाच नाही. धंदा पुढे त्याच्या भावाने चालवला, आणि ती युक्ती नद्या-खाड्या ओलांडत पांबनला पोचली.

१८९३ आणि शिकागो म्हटलं की आपल्याला वेगळंच काही आठवतं. त्याच वर्षी, त्याच शहरात, स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले. परदेशातून परतताना, १८९७ च्या जानेवारीत, सिलोनहून येऊन भारताच्या भूमीवर त्यांनी पाऊल ठेवलं ते पांबनलाच. रामनाडचे राजे भास्कर सेतुपती त्यांना घ्यायला आले होते. तेव्हा इथे पूल नव्हता. बेटावर येणारा साधू असो, व्यापारी असो की काशीहून पायी आलेला यात्रेकरू, प्रत्येकाला नावेतच बसावं लागे. एकाच शहरातून एकाच वर्षी निघालेले दोन विचार, एक माणसाच्या मुखातून आणि एक कागदावरच्या रेघांतून, सतरा वर्षांच्या अंतराने या एवढ्याशा खाडीवर आले. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला कळतं. तरी नकाशावर पांबनचं ठिकाण दिसलं की ही दोन्ही माणसं मला शेजारी शेजारी उभी दिसतात.

पूल बांधला साउथ इंडियन रेल्वे कंपनीने. काम १९११ साली सुरू झालं आणि २४ फेब्रुवारी १९१४ ला गाडी धावली. दोन किलोमीटरहून थोडी जास्त लांबी, सुमारे दीडशे गाळे, आणि त्यातला एकच उघडणारा. या उघडणाऱ्या गाळ्याचं लोखंड इंग्लंडमध्ये टीस नदीकाठच्या हेड राइटसन कारखान्यात घडलं. एवढा खटाटोप बेटावरच्या कोळ्यांसाठी नव्हता आणि रामनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांसाठीही नव्हता. नजर होती कोलंबोवर. मद्रासहून निघालेली बोट मेल नावाची गाडी हा पूल ओलांडून बेटाच्या पार टोकाला, धनुष्कोडीला जायची. तिथे प्रवासी आगबोटीत बसायचे. सुमारे ३५ किलोमीटरचं पाणी ओलांडलं की पलीकडे तलैमन्नारला दुसरी गाडी उभी असायची, ती कोलंबोपर्यंत. बेट म्हणजे त्या वाटेवरचं एक पाऊल ठेवण्याचं ठिकाण. आणि पुलाला उघडता गाळा ठेवला तोही नाइलाजाने; पांबनच्या या चिंचोळ्या वाटेतून जहाजांची ये-जा चालत असे. एकोणिसाव्या शतकात सुरुंग लावून, गाळ उपसून ती वाट खोल केलेली होती. जमिनीवरून जाणाऱ्यांच्या सोयीसाठी पाण्यावरून जाणाऱ्यांची वाट बुजवणं कुणाला परवडणारं नव्हतं.

बोट मेलमध्ये साहेब होते, व्यापारी होते, पण या रुळांवरून सगळ्यात जास्त ओझं गेलं असेल ते चहाच्या मळ्यांत मजुरीला निघालेल्या तमिळ माणसांचं. मुख्य भूमीच्या काठावर, मंडपमला, त्यांच्यासाठी छावणी होती. तिथे त्यांना रोगराईच्या भीतीने काही दिवस ठेवून घ्यायचे, तपासायचे आणि मग पुढे सोडायचे. पन्नासेक वर्षांनी वारा उलटा फिरला. १९६४ च्या ऑक्टोबरात भारत आणि सिलोन यांच्यात करार झाला आणि मळ्यांतल्या लाखो माणसांनी भारतात परत यावं असं ठरलं. पुढच्या काळात ती कुटुंबं परतली ती याच वाटेने, आणि त्यांच्याही नशिबी मंडपमची छावणी आली. आजा ज्या पुलावरून गेला, त्याच पुलावरून नातू आला. आणि ज्या गावात आला ते गाव त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. नंतर श्रीलंकेतली यादवी पेटली आणि त्याच छावणीत निर्वासित येऊन राहिले. पुलाला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. तो दोन्ही दिशांना सारखाच मोकळा. पण मंडपमवरून जाताना मला नेहमी वाटतं, पुलावरून जाणं आणि आपण होऊन कुठे जाणं यांत किती अंतर असतं!

आपल्याकडच्या माणसांचं या पाण्याशी नातं फार जुनं. रामेश्वरच्या सेतूची वाळू घ्यायची, ती प्रयागच्या संगमात सोडायची, तिथून गंगा भरून आणायची आणि रामनाथाला तिचा अभिषेक करायचा, तेव्हा कुठे यात्रा पुरी व्हायची. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला नेणारे एकनाथ महाराज, आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ती गंगा घालणारे एकनाथ महाराज, ही कथा न ऐकता मराठी घरात कुणी लहानाचं मोठं झालेलं नसेल. त्या कथेत रामेश्वर दूर राहतं आणि तरीही नाथांना तिथे पोचल्याचं फळ मिळतं. पण ज्यांना पोचायचंच होतं त्यांना शेवटी ही खाडी आडवी यायची. तिची आणि वाटसरूंची राखण करण्याचा मान रामनाडच्या राजांचा, म्हणून तर ते सेतुपती. पंधराव्या शतकातल्या एका वादळाने वाट फोडली, त्याआधी बेटावर चालत जाता यायचं, अशीही एक आठवण त्या भागात सांगतात.

माझी आजी यात्रा कंपनीबरोबर रेल्वेने गेली होती. देवघरात तिने आणलेली वाळू एका पितळी डबीत असायची, गंगेच्या सीलबंद गडूशेजारी. देवळातल्या बावीस तीर्थांचं स्नान, ते लांबच लांब सोपे, ओलेत्याने चालणं हे सगळं ती सांगायचीच. पण रंगात यायची ती पुलावर. “गाडी इतकी हळू, की शेजारून माणूस चालला असता. खिडकीतून खाली बघावं तर रूळही दिसेना, पाणीच. मी डोळे मिटून घेतले नि राम राम म्हणत बसले. मग मनात आलं, अगं, इतक्या लांब आलीस ती काय डोळे मिटायला? उघडले. आवाज सगळा बदललेला, पोकळ, खोल. असं वाटलं, खाली कुणीतरी धरून ठेवलंय गाडीला.”

खाली कुणीतरी धरून ठेवलंय. आजीने ती यात्रा केली तो काळ १९६४ च्या वादळानंतरचा. ते कुणीतरी कोण होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

२२ डिसेंबर १९६४ ची रात्र. पांबनहून धनुष्कोडीला जाणारी ६५३ क्रमांकाची पॅसेंजर मध्यरात्रीच्या जरा आधी निघाली. धनुष्कोडीच्या अलीकडे सिग्नल मिळेना, म्हणून चालकाने शिटी दिली आणि गाडी पुढे काढली, असं सांगतात. समुद्र उठला आणि शंभराहून अधिक माणसांसकट गाडी गिळून गेला. धनुष्कोडीचं स्टेशन, चर्च, घरं, धक्का, सगळं गाव एका रात्रीत संपलं. इकडे पुलाचे सव्वाशेच्या आसपास गर्डर लाटांनी उचलून समुद्रात फेकले. खांब राहिले, आणि शेर्झरचा तो उघडता गाळा राहिला. त्या रात्रीनंतर पांबनला काय दिसलं असेल त्याची कल्पना करते. दोन्ही बाजूंनी वाट तुटलेली, पुढे नुसते खांब, आणि मधोमध, कुठूनही न येणारा आणि कुठेही न जाणारा तो मधला तुकडा शाबूत.

पूल पुन्हा उभा करायचं काम रेल्वेने एका तरुण अभियंत्यावर सोपवलं, ई. श्रीधरन. मुदत दिली होती सहा महिन्यांची, वरिष्ठांनी ती तीनावर आणली, आणि काम झालं ४६ दिवसांत. या ४६ दिवसांची गोष्ट नेहमी एका माणसाच्या कर्तबगारीची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तिच्यातला मला जवळचा वाटणारा भाग वेगळा आहे. नवे गर्डर दुरून आणण्यात महिने गेले असते. कोळ्यांनी दाखवून दिलं की बुडालेले गर्डर तळाशी कुठे कुठे पडले आहेत. मग ते पाण्यातून वर काढले, तपासले आणि पुन्हा खांबांवर चढवले. समुद्राने नेलेलं समुद्राकडूनच परत घेतलं; आणि पत्ता सांगितला तो तळ ओळखणाऱ्यांनी. त्यांची नावं कुठल्या पाटीवर असतील असं वाटत नाही. पुढे हेच श्रीधरन कोकण रेल्वेचे प्रमुख झाले. पावसाळ्यात दरड कोसळते, रात्री कंदील आणि बॅटरी घेऊन गस्तीवाले रुळांवरून चालत राहतात आणि सकाळी मांडवी एक्स्प्रेस वेळेवर सुटते, तेव्हा मला पांबनच्या त्या दिवसांचा धागा इथवर आलेला दिसतो.

कारण पूल एकदा बांधला की झाला, असं नसतंच. उद्घाटनाची तारीख दगडावर कोरली जाते. त्यानंतरच्या हजारो दिवसांची काम करणाऱ्यांवाचून कुणाला खबर नसते. पांबनची हवा मिठाने जड. तिथे लोखंड उघडं ठेवलं की त्याला तांबेरा चढतो, रंगाखाली फुगे येतात, बोटाने टोकरलं तर पापुद्रा हातात येतो. म्हणून खरवडायचं, रंगवायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि पुन्हा पहिल्या टोकाला यायचं. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल होई आणि गाडी थांबे. उघडत्या गाळ्याच्या सांध्यांत वंगण घालणं, रुळांची टोकं पुन्हा जुळली का ते वाकून बघणं, मग हिरवा दाखवणं. हे सगळं करणारी माणसं बदलत गेली, काम तेच राहिलं. १९८८ साली शेजारी रस्त्याचा पूल झाला. तोवर बेटाला जमिनीशी बांधून ठेवणारी ही एकच वाट होती. २००७ साली रूळ रुंद झाले, पण पूल तोच. त्याच जुन्या झडपांना बळकटी देऊन त्यांवरून मोठी गाडी नेली. त्याच बेटावरच्या एका मुलाने लहानपणी, महायुद्धाच्या काळात, धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करून गावात पोचवले होते. रूळ रुंद होत होते तेव्हा तो मुलगा, अब्दुल कलाम, देशाचा राष्ट्रपती होता.

एक गोष्ट मला फार दिवस छळत राहिली आहे. १९६४ च्या त्या रात्री वाट दोन ठिकाणी तुटली होती. पांबनला आणि धनुष्कोडीला. पांबनची वाट ४६ दिवसांत जोडली, धनुष्कोडीची कधीच नाही. रूळ रामेश्वरला संपले. त्या पलीकडचं गाव राहण्यालायक उरलेलं नाही असं सरकारने जाहीर करून टाकलं. रामेश्वरहून तलैमन्नारला जाणारी बोट पुढे काही वर्षं चालली, मग यादवीच्या दिवसांत तीही बंद पडली. म्हणजे पूल ज्यासाठी बांधला होता ते कोलंबोचं कारणच संपलं, आणि पूल मात्र चालू राहिला. ज्यांच्यासाठी तो बांधलेला नव्हता त्यांनी तो आपला केला. कोळणींच्या पाट्या, शाळेची मुलं, तांब्याचे गडू घेतलेले यात्रेकरू, आजारी माणसाला मदुराईच्या दवाखान्यात नेणारे घरचे लोक. बांधणाऱ्याच्या मनातलं कारण आणि वापरणाऱ्याच्या गरजेतलं कारण वेगळं असू शकतं, आणि दुसरं जास्त टिकतं, हे मला या पुलाने दाखवलं.

मग माणसांमधल्या वाटा मनात येतात. कुठल्या लग्नासाठी, कुठल्या शेतीच्या वाटणीसाठी, कुठल्या एका कारणाने दोन घरं जोडली जातात. कारण संपतं. तरी एखादी आत्या दिवाळीला डबा पाठवत राहते, एखादा चुलतभाऊ आजारपणाची खबर लागताच रात्रीच्या एसटीने येतो, आणि घरं जोडलेलीच राहतात. दुसरीकडे अशी घरं असतात जिथे काहीही वाईट घडलेलं नसतं, भांडण नसतं, वादळ नसतं. नुसतं कुणी दांड्याला हात लावला नाही आणि सांधे धरले. मिठाची हवा सगळीकडेच आहे. जोडलेलं राहणं ही स्थिती म्हणून मला आता दिसत नाही; ते कुणीतरी रोज करायचं काम आहे. त्यात अधूनमधून वाट उघडून दुसऱ्याला जाऊ देणंही आलं, आणि ती पुन्हा नीट जुळवून घेणंही आलं.

२०२२ च्या डिसेंबरात जुन्या पुलावरची गाडी कायमची थांबली. ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीच्या दिवशी, शेजारच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं. त्याचा मधला गाळा ७२.५ मीटरचा, अखंड, आणि तो दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांमधून सरळ वर उचलला जातो, १७ मीटरपर्यंत, विजेवर. गाडी आता पूर्वीपेक्षा वेगाने जाते. हे चांगलंच झालं. त्या दांड्याभोवती आयुष्यभर फिरावं असं मी कुणाच्याही मुलाला म्हणणार नाही. पण मीठ तेच आहे. बटण दाबणाऱ्याच्या मागे खरवडणारे, रंगवणारे, वाऱ्याचा आकडा बघणारे लागणारच, आणि आपल्याला ते पूर्वीइतकेही दिसणार नाहीत. कठड्याला रेलून बघणाऱ्यांना आता कुणाच्या टाचा दिसणार नाहीत, म्हणून ती माणसं आहेत हे आपण होऊन लक्षात ठेवावं लागेल.

आणि पलीकडचं ते ३५ किलोमीटरचं पाणी अजून तसंच आहे. तिथे पूल व्हावा, निदान बोट सुरू व्हावी, असं दोन्ही काठांवर अधूनमधून बोललं जातं. मधून सीमेची रेघ गेली आहे. ती ओलांडली म्हणून इकडचे मच्छीमार पकडले जातात, आणि त्यांच्या जाळ्यांनी आपली मासळी जाते म्हणून तिकडचे मच्छीमार तक्रार करतात. त्या पाण्यावर लोखंड आधी लागेल की विश्वास, हे मला सांगता येणार नाही. पण काम कधी सुरू झालंच, तर आधी दोन्ही काठांवरच्या होडीवाल्यांना विचारावं असं मला वाटतं. तळाशी काय काय बुडालं आहे आणि त्यातलं काय अजून वर काढण्याजोगं आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?